पाला पडण्यापूर्वी

पाला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मेथीची किंवा मुळ्याची हिरवी जुडी येते. हिंदी मुलखातला शेतकरी मात्र ‘पाला पडला’ असे ऐकले की धास्तावतो. तिकडे पाला म्हणजे दवाऐवजी पानांवर जमलेले पांढरे हिमकण. वांगी, टोमॅटो, मिरची, भोपळा यांचा उभा मळा एका रात्रीत काळा पडावा, एवढी ताकद त्यात असते.

हा पाला पडतो कसा? दिवसा जमीन तापते आणि रात्री ती ऊब आकाशाकडे निघून जाते. आभाळात ढग असले तर ते गोधडीसारखे ही ऊब राखतात. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की जमीन झपाट्याने निवते. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उतरून खोलगट जागी साचते. म्हणून चढावरचा मळा वाचतो आणि खालच्या ओहोळाकाठचा मात्र जळतो. पानाच्या आतले पाणी गोठले, की पेशींतला ओलावा बाहेर ओढला जातो, त्यांचे पडदे फाटतात आणि ऊन वर आल्यावर पान उकडल्यासारखे लोंबते.

काश्मीरच्या खोऱ्याचे उदाहरण घेऊ. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. ऑक्टोबर सरत आला, चिनार लाल झाले, की तिथल्या परसात शेवटच्या तोडणीची घाई उडते. पुढे २१ डिसेंबरपासून ४० दिवसांची कडाक्याची थंडी येते. तिला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. त्या दिवसांत बर्फाने घाटरस्ता बंद झाला, की बाहेरची भाजी येणार कुठून? १९५६ साली बनिहालचा बोगदा खुला झाला आणि २०२५ साली कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे पोहोचली. अडचण कमी झाली खरी, पण हिवाळ्याची बेगमी करण्याची रीत अजून टिकून आहे.

आधी काय तोडायचे, हे तिथल्या बाया नेमके जाणतात. नाजूक भाज्यांचा मान पहिला. दुधी कापून त्याच्या पट्ट्या वाळवतात. वांगी उभी चिरून, देठाशी जोडलेली ठेवून, दोरीवर टांगतात. टोमॅटो चिरून उन्हात घालतात. या सुक्या भाजीला ‘होख स्युन’ म्हणतात. आपल्या कोकणात आगोटीपूर्वी वाळवणे होतात, तशातलाच हा प्रकार. आपली धास्ती पावसाची, त्यांची बर्फाची, एवढाच फरक. वाळवण पुरते कडकडीत हवे. आत ओल राहिली तर बुरशी धरते, आणि बुरशी आलेली भाजी खाऊ नये.

हिरवे टोमॅटोही वाया जात नाहीत. पूर्ण वाढून किंचित पांढुरके झालेले फळ घरात, कागदात गुंडाळून ठेवले तर हळूहळू पिकते. अगदी कोवळे फळ पिकत नाही. त्याची चटणी करावी. लाल भोपळा देठ राखून कापावा, काही दिवस उन्हात ठेवून साल टणक होऊ द्यावी आणि मग कोरड्या जागी ठेवावा. बटाटा अंधारात ठेवावा. उजेडाने तो हिरवा होतो आणि त्यात विषारी द्रव्य तयार होते.

कोबी, गाजर, सलगम यांची गोष्ट निराळी. थंडी वाढू लागली, की ही झाडे आपल्या अंगातल्या पिठाची साखर करतात. साखरेचे पाणी साध्या पाण्यापेक्षा उशिरा गोठते. म्हणून हलका पाला त्यांना सोसतो आणि गाजर उलट गोड लागते. ही पिके मागाहून काढतात. सलगम, गाजर यांचा पाला कापून, न धुता, खड्ड्यात मातीखाली पुरून ठेवतात. लागतील तशी काढून घेतात.

आता आपल्याकडे वळू. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात हिवाळ्यातल्या काही पहाटे दव गोठते. निफाडच्या बाजूलाही थंडीच्या लाटेत पारा फार खाली येतो. अशा वेळी रात्री पिकाला पाणी द्यावे. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते. रोपांवर तिन्हीसांजेला गवत किंवा गोणपाट घालावे आणि सकाळी काढावे. काढणीला आलेली भाजी मात्र आदल्या दुपारीच उतरवून घ्यावी.

शिक्षक मित्रांनी थंडीच्या दिवसांत एक प्रयोग जरूर करावा. निरभ्र रात्र गेल्यावर उजाडताच मुलांना मैदानावर न्यावे. उघड्या गवतावर दव दिसेल, पण दाट झाडाखालचे गवत बहुधा कोरडे असेल. तापमापक असेल तर दोन्ही जागी जमिनीलगत धरून आकडे फळ्यावर लिहावेत. ढगाळ रात्रीनंतर पुन्हा पाहावे. आकाशाची गोधडी म्हणजे काय, ते पोरांना निराळे सांगावे लागणार नाही. घरी जाऊन तीच पोरे बापाला म्हणतील, “आज आभाळ मोकळं आहे, वारा पडलाय, रोपं झाकून घ्या.”