सातबाऱ्यावरचा पोटखराबा

एप्रिलच्या दुपारी राजापूरकडच्या एखाद्या सड्यावर उभं राहावं. पायाखाली तापलेला काळपट जांभा, त्यावर वाळलेलं गवत, झाड औषधालाही नाही. सातबाऱ्यावर अशा कातळाची नोंद ‘पोटखराबा’ अशी होते, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. महसुली हिशेबाने ते बरोबरच आहे. घोळ पुढे होतो. पिकत नाही म्हणजे तिथे काही जगतही नाही, असं सगळेच धरून चालतात.

जूनच्या दोन-चार सरी पडल्या की हा समज पुसला जातो. कातळाच्या फटींतून दीपकाडीचे पांढरे तुरे वर येतात. ही वनस्पती मुख्यत्वे कोकणपट्टीच्या जांभ्यावरचीच. मग खळग्यांत पाणी साचतं, बोटभर मातीवर गेंद उगवतात, सीतेची आसवं जांभळी-निळी पसरतात. दिसायला एवढी नाजूक, पण ती मांसाहारी आहे. माती इतकी निकस की तिच्यातून नत्र मिळत नाही, म्हणून ही वनस्पती आपल्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातले जीव ओढून घेते. शेजारचा दवबिंदू तेच काम चिकट थेंबांनी करतो. पाऊस ओसरला की सगळा संसार आवरता.

सड्यावरचे सुटे दगड हे तर भर उन्हातलं छप्परच. त्यांच्याखाली विंचू, फुरसं, पाली राहतात. रत्नागिरी जिल्ह्यातलं डोर्ले हे छोटं गाव प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत दोनदा आलं आहे. 1963 मध्ये तिथल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या पालीचं शास्त्रीय वर्णन झालं आणि 2003 मध्ये देवगांडुळाच्या एका नव्या जातीचं. देवगांडूळ हे गांडूळ नव्हे, तो बेडकाचा बिनपायांचा नातेवाईक.

आता या सड्याचं काय चाललंय? 1990 मध्ये रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली गेली आणि कलमं कातळावर चढली. सुरुंगाने खड्डे फोडायचे, बाहेरून आणलेली माती भरायची, कलम लावायचं. सुटे दगड गडग्यात जातात. हापूसवर घर चालतं, तेव्हा शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण मातीने भरलेल्या खड्ड्यात आसवं उगवत नाहीत. चिरेखाणीत तर खुद्द कातळच कापून नेतात आणि तो परत तयार व्हायला माणसाचं आयुष्य पुरणारं नाही. त्यात हौशी वृक्षारोपणाची भर. उघड्या सड्यावर झाडं लावणं हे पुण्यकर्म वाटतं, पण सावली पडली की उन्हावर वाढणारी फुलं हटतात.

प्रत्येक धोका डोळ्यांना दिसतोच असं नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत आणि गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडेही. या सरड्यांच्या प्रजातीला 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी ‘सरडा’ हेच मराठी नाव दिलं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. पक्षी घटले म्हणून सरडे वाढले. मात्र ते अंगाने खंगलेले होते, त्यांच्या गळ्याचा रंग उतरला होता आणि माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नव्हते.

2012 मध्ये कास जागतिक वारशात गेलं, तिथे फुलं पाहायला रांगा लागतात. कोकणातले सडे बहुतांशी खासगी मालकीचे, तिकडे फिरकतं कोण? त्यांच्याकडे लक्ष वळवलं ते कातळशिल्पांनी. 2022 मध्ये कशेळी, बारसू, उक्षी अशा ठिकाणांची शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. ती राखताना भोवतालचा कातळही त्याच हद्दीत धरायला हवा. आणि ज्यांना कलमं लावायचीच आहेत, त्यांनी सड्याचा एक तुकडा दगड न हलवता, खळगे न बुजवता सोडावा. डोर्ल्याच्या पालीला तेवढी जागा पुरते.