तीन महिन्यांची साखर : एका आकड्याचे वाचन

रक्ततपासणीच्या आदल्या दिवशी मधुमेही माणसाचे आचरण एकाएकी आदर्श होते. मिठाई दूर राहते, सूर्यास्तापूर्वीचे जेवण मुगाच्या वरणावर आटोपते, पेढीवरून घरी पायी येणे होते. सकाळी उपाशीपोटी साखर १०८ येते आणि घरात समाधान पसरते. काही जण तर त्या बळावर गोळी बंद करण्याचा विचारही बोलून दाखवितात. परंतु १०८ हा आकडा त्या एका सकाळचा आहे. एका दिवसाच्या गल्ल्यावरून वर्षाचा नफा कोणी ठरवीत नाही, हे आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

डॉक्टर ज्याला एचबीएवनसी म्हणतात आणि आपण बोलताना ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतो, ती तपासणी याच कारणासाठी आहे. तांबड्या रक्तपेशींत हिमोग्लोबिन असते. रक्तातील साखर त्याला हळूहळू चिकटते आणि ती पेशी जिवंत असेपर्यंत बहुतांशी चिकटलेलीच राहते. पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. रक्तात नव्याजुन्या पेशी मिसळलेल्या असल्याने, किती टक्के हिमोग्लोबिनला साखर लागली आहे यावरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा असतो. सॅम्युएल राहबर यांना मधुमेही रुग्णांच्या रक्तातील हे वेगळे हिमोग्लोबिन १९६८ च्या सुमारास तेहरानमध्ये प्रथम आढळले. या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. रक्त दिवसा केव्हाही देता येते.

५.७ च्या खाली सर्वसाधारण, ५.७ ते ६.४ हा सीमेवरचा टप्पा, ६.५ व त्यापुढे मधुमेह, अशी मोजणी आहे. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४, ८ म्हणजे १८३ आणि ९ म्हणजे २१२. बहुतेक प्रौढ रुग्णांनी ७ च्या आत राहावे असे सांगतात. मात्र वयोवृद्ध वा अन्य गंभीर आजार असलेल्यांसाठी डॉक्टर ही मर्यादा जाणूनबुजून सैल ठेवतात. त्यामुळे आजोबांचा ७.८ आणि नातवाचा ७.८ यांचा अर्थ एक नव्हे. ब्रिटनमधील एका दीर्घ अभ्यासात, हा आकडा एका टक्क्याने कमी असणाऱ्यांत डोळे व मूत्रपिंडांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे ३७ टक्क्यांनी कमी दिसले. एक टक्का म्हणजे किरकोळ फरक, असे म्हणून चालत नाही ते यामुळे.

तरीही हा आकडा डोळे झाकून स्वीकारण्याजोगा नाही, आणि शाकाहारी कुटुंबांनी ही बाब विशेष लक्षात घ्यावी. शरीरात लोह किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल, तर एचबीएवनसी प्रत्यक्षाहून अधिक दिसू शकतो. आपल्या घरांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, या दोन्ही कमतरता वारंवार आढळतात. शिवाय मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेतल्यानेही बी-१२ घटते. उलट रक्तस्राव झाला असेल, रक्त चढविले असेल किंवा पेशी अकाली नष्ट होत असतील, तर आकडा फसवा कमी येतो. थॅलेसेमिया मायनर असेल तरीही गोंधळ होतो. म्हणून रिपोर्टसोबत हिमोग्लोबिनही पाहावे, आणि घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदींशी तो जुळत नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

दुसरी मर्यादा सरासरीचीच. एखाद्याची साखर कधी ५५, कधी २६० होत असेल, तरी एचबीएवनसी ७ येऊ शकतो. पर्युषणाच्या दिवसांत हे धोक्याचे ठरते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने नेहमीच्याच मात्रेवर उपवास केला, तर साखर घातक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि त्याची सूचना तीन महिन्यांचा आकडा देत नाही. अशांनी पच्चक्खाण घेण्याच्या काही आठवडे आधीच डॉक्टरांशी बोलावे. उपवासात बोटाची तपासणी करीत राहावी. साखर ७० च्या खाली गेल्यास त्याच क्षणी साखरपाणी घ्यावे. आयंबिलाविषयीही एक गैरसमज आहे. त्यात साखर-गूळ नसतो हे खरे. पण भात-भाकरीतील पिष्टाचीही शेवटी साखरच होते.

अठ्ठाईचे पारणे झाल्यावर लगेच एचबीएवनसी करून घेण्याचा उत्साह काहींना असतो. आठ दिवसांचा परिणाम त्यात पुसटच उमटतो, खर्च मात्र पूर्ण होतो. औषध बदलले असेल तर तीन महिन्यांनी आणि साखर स्थिर असेल तर सहा महिन्यांनी ही तपासणी पुरेशी आहे. शक्यतो एकाच लॅबमध्ये करावी, आणि जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून डॉक्टरांकडे न्यावेत.