पावसाची धास्ती : मदत कधी घ्यावी?

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवरही दरडी आल्या, सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. जुई, दासगाव या गावांनी २००५ मध्येच असा आघात सोसला होता.

अशा भागात पावसाचा जोर वाढला, की उशाशी बॅटरी ठेवून झोपणे किंवा रात्री उठून डोंगराकडे पाहणे हा आजार नव्हे. ती सावधगिरी आहे.

मात्र ऊन पडले तरी छाती धडधडत राहिली, तीच स्वप्ने पडू लागली, त्या वाटेने जाणेही नकोसे झाले आणि हे महिनाभराहून अधिक चालले, तर मदत घ्यावी. शेत, नोकरी, शाळा सुटणे किंवा झोपेसाठी दारू लागणे ही त्याहून स्पष्ट खूण.

पुष्कळदा रुग्ण डोकेदुखी किंवा धडधडीची तक्रार घेऊन येतो. तपासण्या नॉर्मल निघतात, दरडीची गोष्ट राहूनच जाते. ती आपणहून डॉक्टरांना सांगावी. मानसोपचारात त्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरे जायला शिकवतात. प्रत्येकाला गोळ्या लागतातच असे नाही.

‘जगणेच नको’ असे वाटत असेल, तर महिना मोजत बसू नये. त्याच दिवशी घरच्यांनी रुग्णाला दवाखान्यात न्यावे. एकटे सोडू नये. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.