गाणं एका खिडकीत, शब्द दुसऱ्या खिडकीत

गाण्याबरोबर एकेक ओळ स्क्रीनवर दाखवणारं 'ओएसडी लिरिक्स' लिनक्सवर टाकायचं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो: आपल्या प्लेअरशी त्याचं जमेल का?

हे सॉफ्टवेअर स्वतः गाणं ऐकत नाही. ते प्लेअरला विचारतं, कुठलं गाणं चालू आहे आणि किती सेकंद झाले? ही विचारपूस ज्या ठरलेल्या पद्धतीने चालते तिचं नाव 'एमपीआरआयएस'. व्हीएलसीला ती येते. ऑडेशियसमध्ये तिचा प्लगइन चालू आहे ना, बघा. एमपीव्हीला वेगळा प्लगइन जोडावा लागतो. प्लेअरने वेळ चुकीची सांगितली की शब्द मागे-पुढे पळतात.

शब्द असतात 'एलआरसी' नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. प्रत्येक ओळीआधी चौकटी कंसात वेळ: मिनिटं, सेकंद, शतांश. मराठी शब्द असतील तर फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा, नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील. शिवाय गाण्याच्या टॅगमध्ये नावच 'ट्रॅक ०१' असेल, तर बिचारं सॉफ्टवेअर शोधणार तरी काय?

माझ्यासारख्या, मराठी वाचताना अडखळणाऱ्या कॉन्व्हेंटवाल्यांना याचा खरा फायदा आहे. गाणं थांबत नाही, म्हणून डोळ्यांनाही थांबता येत नाही!