सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली, आता जाहीर कधी करायची?
मुरुममधल्या मित्राच्या दुकानात, त्याच्या परवानगीने, बिलिंगच्या वेबसाइटवर ग्राहकाच्या नावाच्या रकान्यात मी छोटा स्क्रिप्ट कोड टाकला. बिल उघडताच तो चक्क चालला! हेच क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग: नुसता मजकूर म्हणून दाखवायचं ते ब्राउझर कोड समजून चालवतो. अशाने लॉगिन केलेल्या माणसाच्या नावावर दुसराच कोणी व्यवहार करू शकतो.

मग लगेच जगाला सांगायचं? नाही, चोरालाही तेच कळेल. आधी कंपनीला कळवा. दाद नाही मिळाली तर सर्ट-इन ही सरकारी संस्था आहे. गुगलचा प्रोजेक्ट झीरो दुरुस्तीला साधारण ९० दिवस देतो. दुरुस्ती आली की मात्र जाहीर कराच. नाहीतर जुनी आवृत्ती वापरणारा दुकानदार अपडेट कशाला करेल?