परदेशी संशोधन-अनुदान : पात्रता कोणाची?

परदेशी संस्थांच्या सहकार्याने आयुर्वेदीय औषधांवर संशोधन करावे, त्यासाठी अनुदान मिळवावे, ही इच्छा अनेक वैद्यबंधू व फार्मसीचालक आमच्याकडे व्यक्त करतात. औषधाचा गुण आणि रुग्णांचा अनुभव यांविषयी ते भरभरून बोलतात. परंतु अनुदान देणारा प्रथम पाहतो ते अर्जदाराचे स्वरूप.

अशी प्रकल्प-अनुदाने सामान्यतः व्यक्तीस नव्हे, संस्थेस दिली जातात. संधिवातावरील प्रसिद्ध अभ्यासाचेच उदाहरण पाहू. अमेरिकी शासनाच्या अनुदानातून कोइमतूर येथे ४३ रुग्णांवर ३६ आठवडे आयुर्वेदीय चिकित्सा व मेथोट्रेक्सेट यांची तुलना झाली. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे वैद्यांचे कौशल्य होतेच, पण त्यामागे हिशेब व नोंदी ठेवू शकणारी संशोधन-संस्थाही उभी होती. युरोपीय संघाच्या ‘होरायझन युरोप’ योजनेत भारतीय संस्था सहभागी होऊ शकते. मात्र विशेष तरतूद नसल्यास तिला स्वतःचा निधी आणावा लागतो. सहभागाची पात्रता व निधीची पात्रता या दोन भिन्न गोष्टी होत.

आपल्याकडील नियमही तितकेच महत्त्वाचे आहेत. आरोग्य-संशोधनातील परदेशी सहकार्याचे प्रस्ताव आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीपुढे जातात. देणगीस्वरूप परदेशी निधीसाठी विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी अथवा पूर्वपरवानगी आवश्यक असते. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनुसार असा निधी स्वीकारणाऱ्या संस्थेस तो दुसऱ्याकडे हस्तांतरित करता येत नाही. ‘मोठ्या संस्थेने घ्यावा आणि आपल्या चिकित्सालयास वाटा द्यावा’ हा मार्ग त्यामुळे बंद झाला आहे. पुरविलेल्या औषधाची नेहमीच्या व्यवहारातील किंमत ही मात्र देणगी नव्हे.

वनस्पतींबाबत आणखी एक दक्षता हवी. आयुष चिकित्सकांना जैविक विविधता कायद्यात मिळालेली सवलत परदेशी भागीदारास लागू होत नाही. केंद्र शासनाने मान्य केलेला सहकार्य-प्रकल्प नसेल, तर त्याला चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

मग एकट्या वैद्याने काय करावे? आमच्या मते, अर्जाचा विचार करण्यापूर्वी नोंदणीकृत नीतिसमिती असलेल्या महाविद्यालयाशी अथवा संशोधन-संस्थेशी लेखी करार करावा. चिकित्सा कोण ठरविणार, माहितीवर हक्क कोणाचा, शोधनिबंधात नाव कोणाचे, हे त्यात स्पष्ट असावे. फार्मसीचालकांनी प्रत्येक घाणीची नोंद व कच्च्या द्रव्याची परीक्षा कागदोपत्री सिद्ध ठेवावी. पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत प्रकल्प नोंदवावा. १ एप्रिल २०१८ पासून तेथे मागाहून नोंदणी होत नाही.

ही सिद्धता नसेल, तर औषध आपले, रुग्ण आपले, अनुभवही आपला, आणि प्रकल्पात आपले स्थान केवळ पुरवठादाराचे, अशी वेळ येते. ती टाळणे बहुतांशी आपल्याच हाती आहे.