राजाचाच माणूस

फेब्रुवारी १७५२. पॅरिसमध्ये दनी दिदरोच्या विश्वकोशाचे पहिले दोन खंड राजाज्ञेने बंद पाडले गेले आणि पुढच्या खंडांची बाडं जप्त करायचं ठरलं. हुकूम बजावायचा होता मालझेर्बने. पुस्तकांच्या परवान्यांचं सगळं खातं त्याच्याच हाती होतं. दिदरोच्या मुलीने पुढे लिहून ठेवलं आहे, की त्यानेच आदल्या दिवशी दिदरोला सावध केलं. इतके कागद एवढ्या घाईत हलवायचे कुठे, या प्रश्नावर त्याचं उत्तर तयार होतं: माझ्याच घरी पाठवा, तिथे झडती घ्यायला कोण येणार?

अनियंत्रित राजसत्तेविरुद्धचा वैचारिक लढा आपल्या क्रमिक पुस्तकांत माँतेस्क्यू, व्हॉल्तेअर, रूसो या तीन नावांत आटोपतो आणि लगेच १७८९ उजाडतं. मला ही मांडणी फार सरळ वाटते. फ्रान्सची राजसत्ता तिच्या स्वतःच्या कचेऱ्यांतूनही पोखरली जात होती.

विश्वकोशात एवढं काय होतं? पहिल्याच खंडात, १७५१ साली, राजकीय अधिकारावर दिदरोची नोंद आली. इतरांवर हुकूम चालवण्याचा हक्क निसर्गाने कोणालाच दिलेला नाही, राजाची सत्ता प्रजेच्या संमतीवर उभी आहे, असा तिचा आशय. राजा हा ईश्वराचा प्रतिनिधी, हे बिशप बोस्युएने चौदाव्या लुईच्या युवराजाला शिकवलं, त्याला शंभर वर्षंही झाली नव्हती. शिवाय दिदरो १७४९ मध्ये व्हँसेनच्या किल्ल्यात तीन महिने कैदेत राहून आलेला.

मालझेर्बच्या खात्यात ‘मूक परवानगी’ नावाची एक पळवाट होती. राजाची मोहोर उघडपणे देता येत नाही, पण अडवलं तर पुस्तक हॉलंडमध्ये छापून चोरवाटेने येणार आणि फ्रेंच छापखान्यांचा धंदा बुडणार. अशा वेळी कानाडोळा करायचा. मुखपृष्ठावर परक्या शहराचं नाव, छपाई मात्र घरची. १७५९ मध्ये विश्वकोशाचा परवाना रद्द झाला. ग्राहकांनी आगाऊ पैसे भरलेले होते. उरलेले दहा खंड पॅरिसमध्ये छापले गेले आणि १७६५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या नशातेलच्या नावावर बाहेर पडले. गंमत अशी, की त्यांवर चोरून कात्री चालवली ती खुद्द मुद्रक ल ब्रतोंने. छपाईनंतर हे कळलं तेव्हा दिदरोचा तिळपापड झाला.

माँतेस्क्यूही आतलाच माणूस, बोर्दोच्या न्यायसभेत काकाच्या वारशाने आलेलं मोठं पद भोगलेला. अशी पदं विकत घेता-देता येत, म्हणून न्यायाधीशांना सहजासहजी हाकलणं राजाला जमत नसे. सत्तेला सत्तेनेच आवर घालावा, हा त्याचा १७४८ चा विचार या न्यायसभांनी राजाविरुद्ध आनंदाने वापरला. नव्या विचारांची पुस्तकं जाळायचे निकालही त्याच देत. ३ मार्च १७६६ रोजी पंधराव्या लुईला पॅरिसच्या न्यायसभेत जातीने जाऊन बजवावं लागलं, की सार्वभौम सत्ता फक्त माझ्या ठायी आहे. हे सांगावं लागणं यातच सगळं आलं.

व्हॉल्तेअरला राजा नको होता असं मुळीच नाही; त्याला शहाणा राजा हवा होता, आणि प्रशियाच्या फ्रेडरिककडे तो काही वर्षं राहून पस्तावलाही. रूसोचा मामला निराळा. सार्वभौमत्व जनतेचंच, ते कोणाला देऊन टाकता येत नाही, हे त्याने १७६२ मध्ये मांडलं. ते पुस्तक जिनिव्हाने जाळलं, आणि जिनिव्हा तर प्रजासत्ताक होतं!

मालझेर्ब मात्र सरकारी चाकोरीतूनच बोलत राहिला. करविषयक न्यायालयाचा प्रमुख या नात्याने त्याने १७७१ मध्ये राष्ट्राची प्रतिनिधिसभा बोलवा अशी मागणी केली आणि स्वतःच्या जहागिरीवर हद्दपारी ओढवून घेतली. १७७५ मध्ये करवसुलीतल्या जुलमाचा पाढा त्याने सोळाव्या लुईपुढे वाचला. पुढे त्याच लुईवर १७९२ च्या डिसेंबरात खटला उभा राहिला, तेव्हा एकाहत्तर वर्षांचा हा म्हातारा आपण होऊन त्याची वकिली करायला गेला. एप्रिल १७९४ मध्ये मुलगी आणि नातीसह त्यालाही गिलोटिनखाली जावं लागलं.

त्याचा पणतू अलेक्सी द तोकव्हील. कारभाराचा अनुभव नसलेल्या लेखकांच्या हाती फ्रान्सचं राजकारण गेलं, असा ठपका त्याने १८५६ मध्ये जुन्या राजवटीवरच्या ग्रंथात ठेवला. रूसोपुरता तो मान्य करता येईल. पण त्या लेखकांची बाडं सांभाळणाऱ्या पणजोबाला कारभाराचा अनुभव काही कमी नव्हता.